विहिरीतली ऊब

जमिनीखाली साधारण दहा मीटरपलीकडे ऋतू पोहोचत नाहीत. उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याचा गारठा मातीत उतरतात, पण इतक्या सावकाश की खाली जाता जाता एकमेकांना पुसून टाकतात. मग उरते त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीजवळचे एक स्थिर तापमान. भूजल याच थरांत मुरलेले असते, म्हणून त्याचेही तापमान बारा महिने जवळपास तेच राहते. देशावरच्या विहिरीचे पाणी पौषातल्या पहाटे कोमट लागते आणि वैशाखातल्या दुपारी गार. पाणी दोन्ही वेळी पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपासचेच असते, बदललेली असते ती बाहेरची हवा.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात खोल बोअरचे पाणी वर्षभर १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मिनेसोटात ८-९ अंश, ओहायोत १२च्या जवळ. त्या प्रदेशांत जानेवारीत बाहेरची हवा उणे २० अंशांवर उतरते आणि घरात मात्र २०-२१ अंश हवे असतात. दहा अंशांच्या पाण्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. तरीही बाहेरच्या हवेपेक्षा ते ३० अंशांनी गरम असते, आणि ही ३० अंशांची आघाडी हेच विहिरीच्या पाण्यावर घर तापवण्याच्या पद्धतीचे सारे भांडवल आहे.

‘जिओथर्मल’ किंवा भूऔष्णिक हे नाव या पद्धतीला चिकटले आहे, त्यातून एक गैरसमज होतो. आइसलँडमध्ये रेक्याविकची घरे जमिनीतून येणाऱ्या कढत पाण्यावर तापतात, किंवा कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तिथे पृथ्वीच्या पोटातली उष्णता थेट वर येते. घरगुती विहिरीचा प्रकार वेगळा आहे. खंडांवर पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी एका वॉटच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भरते. शे-दोनशे फुटांवरच्या पाण्यात साठलेली ऊब मुख्यतः सूर्याची आहे. उन्हाळ्यात जमिनीने घेतलेली आणि पावसाबरोबर खाली मुरलेली ही ऊब हिवाळ्यात उपसता येते. त्यासाठी कढत झऱ्याची गरज नसते. पाणी लागणारी कोणतीही चांगली विहीर चालते.

दहा अंशांच्या पाण्यातली उष्णता एकवीस अंशांच्या खोलीत आपोआप जाणार नाही. ती चढावर ढकलावी लागते, आणि ते काम हीट पंप करतो. घरातला फ्रिज हाच एक हीट पंप आहे: तो आतल्या भाजीतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. विहिरीवरच्या यंत्रात फ्रिजच्या कप्प्याची जागा विहिरीच्या पाण्याने घेतलेली असते आणि जाळीच्या जागी संपूर्ण घर असते. यंत्रात एक गॅस फिरतो. गेली दोन दशके बहुतेक अमेरिकी यंत्रांत तो ‘आर-४१०ए’ होता, आता त्याची जागा हवामानाला कमी घातक असे गॅस घेत आहेत. ‘आर-४१०ए’ वातावरणाच्या साध्या दाबाला उणे ५१ अंशांवरच उकळतो. वातावरणाच्या साधारण साडेआठपट दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू २ अंशांच्या आसपास येतो. एका बाजूने हा द्रव आणि पातळ धातूच्या पलीकडून १० अंशांचे पाणी, अशी गाठ घातली की पाण्याच्या उबेने द्रव उकळतो आणि त्याची वाफ होते. पाणी ५ अंशांवर येऊन बाहेर पडते. कॉम्प्रेसर ती वाफ पंचवीसपट दाबाच्या आसपास दाबतो, तेव्हा ती तापते आणि ४० अंशांच्या वर पुन्हा द्रव होऊ लागते. वाफेतून द्रव होताना ती सगळी उष्णता घराच्या हवेला किंवा फरशीखालच्या नळ्यांतल्या पाण्याला देते. मग एका अरुंद व्हॉल्व्हमधून दाब उतरवला की द्रव पुन्हा थंड होतो आणि फेरा नव्याने सुरू होतो.

या फेऱ्यात विजेने उष्णता तयार करायची नसते, फक्त हलवायची असते. म्हणून एक युनिट वीज खर्च करून चार युनिट उष्णता मिळू शकते. त्यांपैकी तीन पाण्यातून येतात आणि एक विजेचीच असते, ती कॉम्प्रेसरमधून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. चारच का, दहा का नाहीत, याचे उत्तर उष्मागतिकीत आहे. उष्णता जितके अंश वर उचलायची तितका खर्च अधिक. २ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची असेल तर निसर्गनियमाने ठरलेली कमाल मर्यादा आठच्या जवळ येते, आणि प्रत्यक्ष यंत्रे साधारण तिच्या निम्म्यापर्यंत पोहोचतात. जुन्या घरांतले लोखंडी रेडिएटर ६० अंशांचे पाणी मागतात. तिथे तेच यंत्र जेमतेम पावणेतीन-तीनवर येते. उलट फरशीखाली पसरलेल्या नळ्यांना ३५ अंशांचे पाणी पुरते, म्हणून विहिरीच्या पाण्याची आणि उबदार फरशीची जोडी उत्तम जमते. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढणारे यंत्र उणे २० अंशांच्या रात्री याच हिशेबाने दोन-सव्वादोनवर घसरते, शिवाय त्याच्या बाहेरच्या कॉइलवर धरलेले बर्फ मधूनमधून वितळवावे लागते. म्हणजे घराला उबेची सर्वाधिक गरज असते त्याच रात्री ते सर्वांत दुबळे पडते. विहिरीच्या पाण्याला ती रात्र कळतही नाही.

हे सारे गणित फार जुने आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ साली यंत्राने हवा दाबून-फुगवून इमारती तापवता किंवा थंड करता येतील असे मांडले. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५०च्या दशकात एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात वाफ दाबून तीच उष्णता पुन्हा वापरण्याचे यंत्र बांधले. जमिनीतून उष्णता ओढण्याच्या कल्पनेचे पेटंट १९१२ साली हाइनरिक त्सोली यांनी स्वित्झर्लंडमध्ये घेतले. कल्पनेला वाट मोकळी झाली ती टंचाईमुळे. स्वित्झर्लंडकडे कोळसा नव्हता, नद्या आणि जलविद्युत मात्र होती. १९३८ साली झुरिकच्या जुन्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसला आणि २००१पर्यंत तो राबला. साठ वर्षांहून अधिक काळ एका ऐतिहासिक वास्तूला नदीतून ऊब मिळत राहिली, ही गोष्ट या तंत्राला ‘प्रायोगिक’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

अमेरिकेत विहिरीचा मोठा प्रयोग ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात झाला. वास्तुविशारद पिएत्रो बेलुस्की यांची इक्विटेबल बिल्डिंग १९४८ साली उभी राहिली. बाहेरून ॲल्युमिनियम आणि काच, खिडक्या कायमच्या बंद, आतली हवा पूर्णपणे यंत्रावर अवलंबून अशी ही इमारत होती. अभियंता जे. डोनाल्ड क्रोकर यांनी ती विहिरींच्या पाण्यावरच्या हीट पंपाने तापवली आणि थंडही केली. कोलंबिया नदीच्या धरणांची स्वस्त वीज हाताशी होती, त्यामुळे तेल-कोळशाशी स्पर्धा करता आली. १९८० साली अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने या यंत्रणेला ऐतिहासिक मानचिन्हाचा दर्जा दिला. त्याच १९४८च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक कार्ल नील्सन यांनी स्वतःच्या घरासाठी भूजलावरचा पंप तयार केला. पुढे १९७३च्या तेलसंकटाने हा विषय अभियंत्यांच्या टेबलावरून सामान्य घरमालकांच्या तळघरात आणला.

अमेरिकेत आजही सुमारे चार कोटी लोक खासगी विहिरीचे पाणी पितात. खेड्यांत आणि शहरांच्या विरळ वस्तीच्या कडांवर नळयोजना नाही, म्हणून घराबरोबर सहा इंची बोअर येते आणि न्यू इंग्लंडसारख्या भागात तळघरात तेलाची टाकी. शहराबाहेर घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही वाट्याला हीच जोडी येते. मग साहजिक विचार होतो: पाणी आहेच, बोअर आहेच, तर एक यंत्र बसवून तेल बंद का करू नये? विचार रास्त आहे, पण आधी पाण्याचा हिशेब मांडायला हवा.

एक लिटर पाणी एका अंशाने थंड झाले की ४.१९ किलोज्यूल उष्णता मिळते. मध्यम आकाराच्या, बऱ्यापैकी बंदिस्त घराला कडाक्याच्या थंडीत १० किलोवॉट दराने उष्णता लागते असे धरले, आणि यंत्र एकास चार देते असे मानले, तर साडेसात किलोवॉट पाण्यातून यायला हवेत. पाणी ५ अंशांनी थंड करायचे तर मिनिटाला सुमारे साडेएकवीस लिटर प्रवाह लागतो, म्हणजे तासाला जवळजवळ १,३०० लिटर. यंत्र दिवसभर चालले तर ३१,००० लिटर होतात. दुष्काळी गावात येणारे दहा हजारी टँकर एका घरासाठी रोज तीन, असा हा उपसा आहे. अमेरिकी कुटुंबाचा एरवीचा रोजचा वापर हजार-बाराशे लिटरांचा असतो. म्हणजे पिण्या-धुण्यासाठी वर्षानुवर्षे बिनतक्रार पाणी देणाऱ्या विहिरीकडून आता पंचवीसपटीहून अधिक मागणी होते, तीही सलग आणि मध्यरात्रीसुद्धा. पूर्ण क्षमतेचे २,००० तास भरणाऱ्या हिवाळ्यात एकूण उपसा सुमारे २६ लाख लिटर होतो.

यातला एक थेंबही खर्च होत नाही. पाणी फक्त ५ अंशांनी थंड होऊन बाहेर येते. पण विहिरीने ते आधी द्यायला हवे. बोअर मारणारा खोदकाम संपल्यावर दाबाच्या हवेने पाणी उडवून ‘एवढे पाणी आहे’ असा आकडा सांगतो, त्यावर भिस्त ठेवणे घातक. तो आकडा तासा-दोन तासांचा असतो आणि त्यात बोअरच्या नळीत आधीच साठलेले पाणीही मोजले जाते. खरी परीक्षा एकच: लागणाऱ्या प्रवाहाने दिवसभर पंप चालवायचा, पातळी किती खाली जाते ते दर काही मिनिटांनी मोजायचे आणि बंद केल्यावर ती किती वेळात पूर्ववत होते ते पाहायचे. पातळी एका ठिकाणी येऊन स्थिरावली तर विहीर कामाची. ती सावकाश का होईना पण उतरतच राहिली, तर फेब्रुवारीत एखाद्या रात्री पंप हवा ओढणार हे नक्की.

मिनेसोटा, ओहायो किंवा लाँग आयलंडमध्ये हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचे जाड थर आहेत आणि त्यांत पाणी सर्वत्र भरलेले असते. तिथे या पद्धतीला खरे माहेर आहे. न्यू इंग्लंडच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र पाणी केवळ भेगांतून येते. दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर मारून घेतलेल्या कोणाही शेतकऱ्याला ही अनिश्चितता ओळखीची आहे: एका बोअरला धो-धो पाणी लागते आणि वीस पावलांवरची दुसरी कोरडी जाते.

पाणी पुरेसे आहे म्हटल्यावर प्रश्न येतो ते वर आणण्याच्या खर्चाचा, आणि इथे बहुतेक घरमालकांची फसगत होते. पंप विहिरीत कितीही खोल सोडला असला तरी उचल मोजायची ती पाण्याच्या पातळीपासून. पाणी ३० मीटरवर असेल तर वरच्या प्रवाहासाठी छोट्या सबमर्सिबल पंपाला साधारण २६० वॉट लागतात. कॉम्प्रेसर अडीच किलोवॉट घेत असेल तर हा भार सोसण्याजोगा आहे. पण घराच्या नळांसाठी हाच पंप एका दाबटाकीत पाणी भरत असतो आणि टाकीतला दाब अमेरिकी रिवाजाप्रमाणे ४० ते ६० पौंडांवर ठेवलेला असतो. ५० पौंडांचा दाब म्हणजे पाणी आणखी ३५ मीटर उंच चढवल्यासारखेच. शॉवरला तो दाब हवा असतो. हीट पंपाला त्यातला फारच थोडा पुरतो, बाकीचा व्हॉल्व्हमध्ये मारला जातो. म्हणजे पंपाची निम्मी वीज शुद्ध वाया. तीस मीटरची विहीर अशी पासष्ट मीटरची होऊन बसते, पंप पावणेसहाशे वॉट घेऊ लागतो आणि कागदावरचा एकास चारचा हिशेब सव्वातीनवर येतो. पातळी १०० मीटरवर असेल आणि दाबटाकीही मध्ये असेल तर पंपालाच १,२०० वॉट लागतात आणि हाती पावणेतीन राहतात. यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेल्या आकड्यात हा पंप बहुधा धरलेलाच नसतो. त्यात तो मिळवल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

उपाय आहेत. हीट पंपासाठी वेगळा, कमी दाबाचा पंप बसवता येतो. किंवा गरजेप्रमाणे वेग बदलणारी मोटर वापरता येते, ती नळ उघडला तर दाब वाढवते आणि फक्त हीट पंप चालू असेल तर उतरवते. साध्या मोटरीचा दुसरा धोका सारखे चालू-बंद होण्याचा. दाबटाकी लहान असेल तर पंप मिनिटा-दोन मिनिटांना सुरू होतो, आणि असे सुरू होणेच मोटरीला सर्वांत जास्त झिजवते. प्रवाह यंत्राच्या गरजेशी जुळवून पंप सलग चालू ठेवणे केव्हाही चांगले.

वापरलेले पाणी जाते कुठे? सर्वांत स्वस्त वाट म्हणजे ओढ्यात, चरात किंवा तळ्यात सोडणे. काही दशकांपूर्वी सर्रास असेच होत असे. शेजारची विहीर आटत नाही आणि भूजल मुबलक आहे तोवर ते खपते, पण एका वस्तीतली पन्नास घरे रोज तीन-तीन टँकर उपसून ओढ्यात सोडू लागली तर तो भूजलाचा उघड अपव्यय आहे. शिवाय उणे वीसच्या हवेत चराच्या तोंडाशी बर्फाचा बांध तयार होतो आणि पाणी मागे फिरते. म्हणून अनेक ठिकाणी दुसरी, परतीची विहीर बंधनकारक असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत ही परतीची विहीर जमिनीत द्रव सोडणाऱ्या विहिरींच्या पाचव्या वर्गात मोडते आणि तिची नोंद करावी लागते. जर्मनीत अशा जोडविहिरींना स्थानिक जल-प्राधिकरणाची परवानगी लागते.

परतीची विहीर दिसते तितकी साधी नाही. खडक पाणी देतो तितक्या सहज परत घेत नाही, कारण आत जाणाऱ्या पाण्याबरोबर बारीक गाळ, हवेचे बुडबुडे आणि गंज हे सगळे जाऊन भेगा बुजवतात. उपशाच्या विहिरीतला गाळ पंपाबरोबर बाहेर येतो. परतीच्या विहिरीत तो आत आत ढकलला जातो. म्हणून परतीचा पाइप विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या बराच खाली सोडायचा, वरून धबधब्यासारखे पाणी पडू द्यायचे नाही. दोन्ही विहिरींत अंतर हवे, आणि परतीची विहीर भूजलाच्या वाहण्याच्या दिशेने खालच्या अंगाला हवी. नाहीतर सोडलेले ५ अंशांचे पाणी फिरून उपशाच्या विहिरीत येते. हिवाळा सरत येतो तसे येणारे पाणी दहाचे नऊ, आठ, सात अंश होत जाते, यंत्राची शक्ती घटते, आणि दोष यंत्राला दिला जातो.

ग्रॅनाइटच्या प्रदेशाने यावर वेगळा तोडगा काढला: एकच, पण फार खोल बोअर. वरच्या भागात केसिंग, खाली उघडा खडक, आणि पूर्ण उंची पाण्याने भरलेली. पाणी एका टोकाकडून घ्यायचे आणि दुसऱ्या टोकाला परत सोडायचे. मधल्या शेकडो फुटांच्या प्रवासात खडकाची भिंत त्याला पुन्हा ऊब देते. थंडी फारच वाढली की परतीच्या पाण्याचा एक लहान वाटा बाहेर सोडून देतात. तेवढे ताजे, दहा अंशांचे पाणी भेगांतून आत ओढले जाते आणि स्तंभ सावरतो. न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये २०१७ साली सुरू झालेली यंत्रणा अशा दहा विहिरींवर चालते, आणि त्यांतल्या सर्वांत खोल विहिरी सुमारे २,२०० फुटांपर्यंत गेल्या आहेत. मॅनहॅटनच्या भर गर्दीत, जिथे छतावर कूलिंग टॉवर चढवणे त्या वास्तूला शोभले नसते, तिथे पायाखालचा खडक कामी आला.

पाण्याचा रासायनिक स्वभाव हा या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. भूजलात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे लोह त्यात विरघळून राहते आणि पाणी नितळ दिसते. असे पाणी काचेच्या पेल्यात भरून टेबलावर ठेवले की थोड्या वेळात त्यावर पिवळसर झाक येते, मग ते गढूळते, आणि काही तासांनी तळाशी तांबूस गाळ बसतो. पेल्यात जे घडते तेच हवा शिरली तर यंत्राच्या नळ्यांत घडते. त्यात लोहावर जगणारे जिवाणू आले की साधा गाळ राहत नाही, बुळबुळीत नारिंगी लगदा तयार होतो. तो नळ्यांच्या भिंतींना चिकटतो, फिल्टर बुजवतो आणि परतीची विहीर तर कायमची निकामी करू शकतो. यावर पहिला नियम असा की पाणी विहिरीतून निघाल्यापासून परत जाईपर्यंत हवेच्या संपर्कात येऊ द्यायचे नाही आणि दाबाखाली ठेवायचे. म्हणून पाणी चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह यंत्राच्या पुढे, बाहेर पडण्याच्या बाजूला बसवतात. तो आधी बसवला तर यंत्रातला दाब पडतो, विरघळलेले वायू सुटतात आणि लोह व चुना नेमके नळ्यांतच बसतात. हा व्हॉल्व्ह सावकाश मिटणारा हवा. झटक्यात मिटला तर वाहत्या पाण्याचा हातोडा सगळ्या पाइपांत दणका देतो.

जड पाण्याचा चुना हिवाळ्यात फारसा बसत नाही, कारण पाणी थंड होत असते. उन्हाळ्यात तेच यंत्र उलटे फिरवून घर गार केले की पाणी तापते आणि नळ्यांत पापुद्रा धरतो. ग्रॅनाइटमधले पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी असते, ते तांबे खाते. कुजक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तोही तांब्याचा शत्रू. आम्लधर्मी पाण्यासाठी तांब्याऐवजी तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या घेतात. किंवा मध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांचा वेगळा एक्स्चेंजर बसवतात, म्हणजे विहिरीचे पाणी तिथेच थांबते, तो उघडून धुता येतो आणि यंत्रात स्वच्छ द्रव फिरतो. यात एखाद-दोन अंशांचा तोटा होतो, पण वाईट पाण्यात तो सोसावा. हे ठरवायला विहीर खोदण्याआधी नाही तरी यंत्र विकत घेण्याआधी प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावे: लोह, मँगनीज, जडपणा, आम्लता, सल्फाइड आणि वाळू.

नळ्या बुजत आहेत का, हे न उघडताही कळते. यंत्राच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपांवर लहान टोपण असलेली छिद्रे ठेवलेली असतात. त्यांत सुईसारखा तापमापक आणि दाबमापक घालता येतो. यंत्र नवे असताना या चारही नोंदी करून यंत्रावरच चिकटवून ठेवाव्यात. पुढे दाबातला फरक वाढला तर वाट अरुंद झाली आहे. तापमानातला फरक वाढला तर प्रवाह कमी झाला आहे. प्रवाह फारच कमी झाला तर बाहेर पडणारे पाणी शून्याकडे जाते, गोठते, आणि फुगलेले बर्फ नळी फोडते. मग पाणी गॅसमध्ये शिरते आणि कॉम्प्रेसरसह सगळे यंत्र बाद होते. हे टाळण्यासाठी प्रवाह थांबताच कॉम्प्रेसर बंद करणारा फ्लो स्विच आणि तापमान ठरावीक मर्यादेखाली जाताच बंद करणारा सेन्सर, दोन्ही लागतात. वारंवार ‘ट्रिप’ होते म्हणून हा सेन्सर जोडतारीने वगळणारे मिस्त्री सगळीकडे भेटतात, त्यांना हात लावू देऊ नये.

जमिनीखालच्या पाण्याशी निष्काळजीपणे वागल्याची सर्वांत मोठी किंमत जर्मनीतल्या श्टाउफेन या गावाने मोजली. फ्रायबुर्गजवळ, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसलेल्या या जुन्या गावाने २००७ साली आपले नगरभवन तापवण्यासाठी १४० मीटर खोलीची सात छिद्रे पाडली. या विहिरी नव्हत्या. त्यांत द्रव फिरवणाऱ्या बंद नळ्या सोडायच्या होत्या, उपसा करायचाच नव्हता. पण छिद्रे अशा थरांतून गेली जिथे वर अॅनहायड्राइट नावाचे कोरडे खनिज होते आणि खाली दाबाखाली कोंडलेले भूजल. छिद्रांच्या भोवतालचा सिमेंटचा लेप पुरेसा घट्ट बसला नाही आणि पाणी वर चढून त्या खनिजाला भेटले. अॅनहायड्राइट पाणी पिऊन जिप्सम होते आणि तसे होताना सुमारे ६० टक्क्यांनी फुगते. काही आठवड्यांत घरांच्या भिंतींना तडे दिसू लागले. जमीन सुरुवातीला महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वर येत होती. अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले, काही पाडाव्या लागल्या. छिद्रे पुन्हा सिमेंटने भरून आणि भूजल सतत उपसून फुगण्याचा वेग पुष्कळ कमी करता आला, पण गेलेले तडे गेलेच. हीट पंपाचा यात काहीच दोष नव्हता. खाली कोणता थर आहे आणि कोणते पाणी कोणत्या थराला भेटेल, हे आधी पाहायचे राहिले होते. त्यानंतर जर्मनीत खोदकामाचे आणि लेपाचे नियम कडक झाले.

बंद नळ्यांची पद्धत विहिरीची स्पर्धक आहे. तिला पाण्याचा प्रवाह लागत नाही, पाण्याची रसायने त्रास देत नाहीत आणि पंपाला उंच उचल नसते. मात्र नळ्यांतला द्रव जमिनीपेक्षा थंड ठेवावा लागतो, कडाक्याच्या दिवसांत तो शून्याच्या खालीही जातो, म्हणून यंत्राला पाण्यापेक्षा कठीण चढ चढावा लागतो आणि द्रवात गोठणरोधक घालावे लागते. खोदकामही जास्त लागते. स्वीडनमध्ये लाखो घरांनी हाच मार्ग धरला, कारण तिथल्या कठीण खडकात छिद्र सरळ उभे राहते आणि भूजलाने आपोआप भरते, वेगळा लेप बहुधा लागतही नाही. पाणी मुबलक, उथळ आणि स्वच्छ असेल तिथे उघड्या विहिरीची पद्धत खर्चात आणि कार्यक्षमतेत बाजी मारते. या तीन अटींपैकी एक जरी ढळली तरी बंद नळ्या बऱ्या.

वर्षाचा हिशेब असा मांडता येतो. ज्या घराला हिवाळ्यात २०,००० युनिट उष्णता लागते, त्याला साध्या विजेच्या हीटरवर तेवढीच युनिट लागतील. ३० मीटरच्या चांगल्या विहिरीवर, पंप धरून, साडेपाच हजारांच्या आसपास लागतील. तेलाच्या बॉयलरवर सुमारे २,३५० लिटर तेल जळेल. यातून नफा किती, हे त्या गावातल्या विजेच्या आणि तेलाच्या भावांवर ठरते. वीज महाग आणि नैसर्गिक वायू स्वस्त अशा ठिकाणी गुंतवणूक फिटायला फार वर्षे लागतात. जिथे तेल किंवा प्रोपेन जाळले जाते, तिथे ती लवकर फिटते. अमेरिकेत २०२२च्या कायद्याने घरमालकाला खर्चाच्या ३० टक्क्यांची करसवलत मिळत होती. २०२५ साली झालेल्या बदलाने त्या वर्षअखेरनंतरच्या खर्चाला ती बंद झाली, त्यामुळे आता हिशेब विहिरीच्या गुणांवरच करावा लागतो. वीज गेली की पंपही बंद आणि ऊबही बंद, म्हणून हिमवादळांच्या प्रदेशात लाकडाची शेगडी किंवा जनरेटर जवळ असतोच.

महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज नगण्य आहे. इथे यंत्र उलटे चालेल: विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत उष्णता टाकण्याऐवजी २७ अंशांच्या भूजलात टाकली तर एसीची वीज पुष्कळ वाचेल, यात तांत्रिक शंका नाही. पण उपशाची गरज नेमकी विहिरी तळाला गेलेल्या महिन्यांत पडेल. टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात उघड्या विहिरीची पद्धत सुचवणे अन्यायाचे ठरेल. पाणी न उपसणाऱ्या बंद नळ्यांचा विचार मात्र रुग्णालये आणि कचेऱ्यांसाठी करण्याजोगा आहे.

घरात, पावसापासून सुरक्षित बसलेले यंत्र नीट राखल्यास वीस-पंचवीस वर्षे चालते, विहिरीतला पंप त्याच्या आधी बदलावा लागतो, आणि विहीर दोघांपेक्षाही जास्त टिकते. घर विकताना विहिरीची खोली, पातळी, चाचणीचे आकडे आणि परतीच्या विहिरीची जागा यांची नोंद नव्या मालकाला द्यावी. वापर कायमचा थांबला तर पंप व पाइप काढून बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंट किंवा बेंटोनाइट मातीने भरून बंद करावी लागते. अमेरिकेतल्या राज्यांचे तसे नियम आहेत. उघडी राहिलेली बोअर पृष्ठभागावरची घाण थेट भूजलात नेते आणि वेगवेगळ्या थरांतले पाणी एकमेकांत मिसळू देते.